लॉडनचं तासलेलं बाप्तिस्माकुंड : चित्रं गेली, कुंड का राहिलं?

नदीकाठची

पूर्व इंग्लंडात नॉरफकमधल्या लोकांना ठाऊक असेल, ब्रॉड्समधून चेट नदीने वर गेलं की बोट लॉडन गावाला लागते. धक्क्यापासून थोडं चाललं की होली ट्रिनिटी चर्च. सातव्या हेन्रीचा ॲटर्नी जनरल जेम्स होबार्ट याने १५ व्या शतकाच्या अखेरीस ते बांधवून घेतलं. भिंती चकमकीच्या दगडाच्या, आत उंच खिडक्या, भरपूर उजेड.

आत पश्चिमेकडच्या बाजूला पायऱ्यांच्या चौथऱ्यावर दगडी बाप्तिस्माकुंड आहे. अष्टकोनी. प्रत्येक बाजूला एक चौकट, आणि प्रत्येक चौकटीत काही ना काही कोरलेलं होतं. 'होतं' म्हणते कारण आता आतली सगळी माणसं छिन्नीने तासून काढलेली आहेत. हात निसटला, धक्का लागला असं काही नाही. कुणीतरी बसून, एकेक चौकट घेऊन केलेलं काम आहे ते.

माझे दोन प्रश्न. एवढा राग होता तर घण घालून कुंडच का नाही फोडलं? फोडायला कमी वेळ लागला असता. आणि दुसरा, एवढ्या शतकांत कुणालाच ते पुन्हा कोरून घ्यावंसं कसं वाटलं नाही?

धर्मावरून मारामारी नको, प्लीज. खरंच जाणून घ्यायचं आहे.

चहाबाज

वाचतोय. फोटो कुठे आहेत? फोटोशिवाय धागा म्हणजे फाऊल.

खडूफळा

छान विषय. मी इतिहास शिकवतो (हा नाही, शाळेतला), पण या कुंडांच्या मागे बराच फिरलोय.

लॉडनचं कुंड हे 'सात संस्कारांचं कुंड' या प्रकारातलं. आठपैकी सात चौकटींत कॅथलिक चर्चचे सात संस्कार: बाप्तिस्मा, दृढीकरण, पापनिवेदन, मिस्सा (भाकरी-द्राक्षारसाचा विधी, म्हणजेच प्रभुभोजन), धर्मगुरूची दीक्षा, विवाह आणि मरणाच्या दारात असलेल्याला तेल लावणं. आठवी चौकट मोकळी उरते. तिथे बहुतेक ठिकाणी ख्रिस्ताचा बाप्तिस्मा नाहीतर क्रुसावरचा ख्रिस्त. अशी चाळीसच्या आसपास कुंडं आज शिल्लक आहेत आणि जवळजवळ सगळी नॉरफक आणि सफकमध्ये. बाहेरची दोनच, केंटमध्ये फार्निंगहॅमला आणि सॉमरसेटमध्ये नेटलकूमला.

लॉडनमध्ये काय होतं ते बघायचं असेल तर उत्तर नॉरफकमध्ये स्लोलीला जा. तिथलं कुंड बरंचसं शाबूत आहे. बाप्तिस्म्याच्या चौकटीत पाद्री उघड्या बाळाला कुंडात बुडवतोय, म्हणजे कुंडावर कुंडाचंच चित्र. दृढीकरणाच्या चौकटीत बिशपसमोर कडेवरचं मूल, कारण तेव्हा हा संस्कारही अगदी लहानपणीच उरकत. मिस्सा चाललेली असते तिथे पाद्र्याची आपल्याकडे पाठ. शेवटच्या संस्कारात पलंगावर आजारी माणूस, भोवती घरची माणसं. त्या काळच्या गावातलं कपडेलत्ते, अंथरूण-पांघरूण, सगळं त्यात दिसतं.

कुंड का फोडलं नाही, याचं माझ्या मते सरळ उत्तर आहे. १६ व्या शतकात पोपपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी सातांतले पाच संस्कार मोडीत काढले, दोन ठेवले, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांत २५ वं कलम तेच सांगतं. बाप्तिस्मा राहिला म्हणजे कुंड लागणारच.

कुर्डई

पण बाळाला खरंच बुडवायचे? नॉरफकच्या जानेवारीत??

खडूफळा

हो. जुन्या पद्धतीत तीनदा. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातही तीनदाच, १५५२ च्या पुस्तकात एकदा, आणि 'बेताने, सांभाळून' अशी सूचना. मूल अशक्त असेल तर वरून पाणी ओतलं तरी चाले. म्हणून तर ही कुंडं एवढी रुंद आणि खोल. पुढे कपाळावर पाणी शिंपडण्याचा रिवाज पडल्यावर वाडगाभर पाणी पुरायला लागलं.

मुलं जन्मल्यावर दोन-चार दिवसांत बाप्तिस्मा होई. पहिली एलिझाबेथ ७ सप्टेंबर १५३३ ला जन्मली, बाप्तिस्मा १० ला. बाळ दगावायची भीती सतत, त्यामुळे वाट बघायची सोय नव्हती. अगदीच अडीअडचणीला सुईणीनेही द्यावा, अशी चर्चची परवानगी होती.

आजोबांची_काठी

एथेलरेड राजाची गोष्ट कुणी सांगत कशी नाही! १२ व्या शतकातल्या इतिहासकारांनी लिहून ठेवलीय. बाप्तिस्म्याच्या वेळी राजकुमाराने कुंडातच कार्यक्रम उरकला. आर्चबिशप डन्स्टन संतापून म्हणाला, हा राज्य बुडवणार. पुढे डेन लोकांनी खरोखरच त्याला पळवून लावलं. गोष्ट मागाहून रचलेली असणार हे उघड आहे, पण रचणाऱ्याला दाद द्यावी लागेल.

चहाबाज

आमच्या बारशाला मी आत्याच्या शालूवर असाच अभिषेक केला होता. राज्य नाही, पण इंजिनिअरिंगची दोन वर्षं बुडवली.

पापडीकर

आम्ही वसईचे, त्यामुळे या धाग्यात हक्काने पाय ठेवतो. आमच्याकडे अजून सातही संस्कार चालू आहेत, धन्यवाद. 🙂

आमच्या पॅरिशमध्ये बाळाच्या कपाळावर पाणी ओततात, तेल लावतात, पांढरं वस्त्र घालतात, मेणबत्ती देतात, धर्ममाता-धर्मपिता शेजारी उभे. नदीकाठचीताई, तुम्ही लिहिलंत की कुंड पश्चिमेला, दाराच्या बाजूला आहे. ते तिथेच असतं, कारण चर्चमध्ये प्रवेशच बाप्तिस्म्याने होतो. मध्ययुगात तर विधीची सुरुवात दाराबाहेर. सैतानाला घालवायच्या प्रार्थना, जिभेवर मीठ, आणि मग आत.

आठ कोनांचं कारण लहानपणी फादरनी सांगितलेलं असं: सात दिवसांत सृष्टी, आठवा दिवस पुनरुत्थानाचा, म्हणजे नव्या जन्माचा. शिवाय नोहाच्या तारवात पाण्यातून वाचलेले जीव आठ. पेत्राच्या पहिल्या पत्रात बाप्तिस्म्याचा संबंध त्यांच्याशी जोडलेला आहे.

घाटावरचा

खडूफळा यांचं उत्तर अर्धंच पटलं. लॉडनला आठच्या आठ चौकटी तासल्यात असं धागाकर्ती म्हणतेय. पाच संस्कार नकोसे झाले असतील तर पाच तासा. बाप्तिस्म्याची चौकट का तासली? तो तर मान्य होता ना?

जुनीवही

घाटावरचा, प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर देताना दोन लाटा वेगळ्या करायला हव्यात. लोक सगळं खापर क्रॉमवेलच्या माथी मारतात.

पहिली लाट आठव्या हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या राज्यातली. १५४७ मध्ये आज्ञा निघाल्या, १५५० मध्ये प्रतिमांविरुद्ध कायदा. दुसरी राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या वेळची, म्हणजे क्रॉमवेलच्या काळातली. १६४३ च्या डिसेंबरपासून १६४४ च्या शरदापर्यंत विल्यम डाउसिंग नावाचा माणूस संसदेच्या हुकुमाने केम्ब्रिजशर आणि सफकमधली चर्चं धुंडाळत फिरला, आणि काय काय फोडलं त्याची रोजनिशी लिहीत गेला. सुमारे अडीचशे चर्चं. पण लॉडन नॉरफकमध्ये. त्यामुळे ते डाउसिंगच्या नावावर टाकता येत नाही.

लॉडनच्या बाबतीत चर्चच्या हिशेबात १६४२ ची एक नोंद आहे. चर्चमधल्या प्रतिमा विद्रूप केल्याबद्दल एका काचकाम करणाऱ्याला पैसे दिल्याची. म्हणजे डाउसिंग निघायच्या आधीच, गावाने स्वतःच, आणि मजुरी देऊन. मात्र त्यात कुंडाचं नाव नाही. काचकाम करणारा म्हणजे खिडक्या आल्या. कुंड त्याच वेळी तासलं की शंभर वर्षं आधी, हे या नोंदीवरून ठरत नाही.

कुर्डई

तोडफोडीचं बिल! व्हाउचर जोडलं असेल का?

जुनीवही

हसू नका, ती हिशेब ठेवणारी माणसं होती. कुंड बसवल्याचाही हिशेब ठेवत. ईस्ट डिअरमचं सात संस्कारांचं कुंड १४६८ चं. त्याचा खर्च गावाच्या हिशेबात आहे, बारा पौंडांहून जास्त. त्या काळी ही साधी रक्कम नव्हे. या भागात चकमकीखेरीज कोरण्याजोगा दगड निघत नाही, तो मिडलंड्सच्या बाजूच्या खाणींतून नद्यांवरून नावेने आणायचा. मग कोरणावळ. मग वर गेसोचा (पांढऱ्या लेपाचा) थर देऊन रंग आणि सोनं. आज आपल्याला ही कुंडं करड्या दगडाची दिसतात, पण नवी होती तेव्हा भडक रंगवलेली असत. सफकमध्ये वेस्टहॉलच्या कुंडावर रंग आणि गेसो अजून बराच टिकून आहे.

मांडवी

मी पणजीची. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये उजव्या हाताला बाप्तिस्म्याची खोली आहे. तिथलं कुंड १५३२ चं आणि सेंट फ्रान्सिस झेवियरने ते वापरलं, असं सांगतात. लॉडनचं कुंड आणि हे, मध्ये पन्नास वर्षांचंही अंतर नाही. इकडे गोव्यात नवी कुंडं बसत होती आणि त्याच शतकात तिकडे जुन्यांवर छिन्नी चालली.

(आमच्याकडे देवळांवर काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. धागाकर्तीच्या विनंतीला मान देऊन तिथेच थांबते.)

अर्धवट

थांबता कशाला? इथे मूर्तिभंजनावरच चर्चा चालू आहे. इंग्रजांनी स्वतःच्या देवांचं हे केलं तर इतरांचं काय

नदीकाठची

अर्धवट, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन तिथे. इथे लॉडन.

खडूफळा

जुनीवहींनी दोन लाटा सांगितल्या. मला त्याच्याही आधीची गोष्ट सांगायची आहे, कारण माझ्या मते लॉडनच्या कुंडाची खरी मजा तिथे आहे.

१४२८ ते १४३१ या काळात नॉर्विचचा बिशप विल्यम ऑल्निक याने पाखंड्यांवर खटले चालवले. साधारण साठ आरोपी, स्त्रिया आणि पुरुष. कातडं कमावणारे, शिंपी, सुतार, त्यांच्या बायका. त्यांना लोलार्ड म्हणत. त्यांचा गुरू विल्यम व्हाइट याला १४२८ मध्ये नॉर्विचला जाळलं. आणि या मंडळींचा एक मोठा अड्डा होता लॉडन गावात, टॉमस मून आणि त्याची बायको हॉवीस मून यांच्या घरी.

हॉवीसने १४३० च्या ऑगस्टमध्ये बिशपसमोर शपथेवर आपली मतं मागे घेतली. मागे घेण्यासाठी आधी ती एकेक करून सांगावी लागली, त्यामुळे ती लिहिली गेली. चर्चमध्ये पाण्याने करतात तो बाप्तिस्मा किरकोळ बाब आहे. बिशपच्या दृढीकरणाचा काही उपयोग नाही. पापं देवाला सांगावीत, पाद्र्याला नव्हे. पाद्र्याच्या मंत्राने भाकरीचं ख्रिस्ताचं शरीर होत नाही. आणि लग्नाबद्दल, बाईने आणि पुरुषाने एकमेकांवर प्रेमाने राजी होणं पुरे, चर्चमधल्या सोहळ्याची गरज नाही. १४३० मध्ये!

आता ही यादी कुंडाच्या चौकटींशेजारी ठेवून बघा. हॉवीस जे नाकारत होती तेच पन्नास-साठ वर्षांनी तिच्याच गावाच्या चर्चमध्ये दगडात कोरून उभं राहिलं.

मार्थमची मार्जरी बॅक्स्टरही याच खटल्यांतली. तिच्यावर साक्ष अशी की लेंटच्या उपवासात तिच्या चुलीवर झाकण घालून बेकन शिजत होतं. मिस्साबद्दल तिचं म्हणणं, हजार पाद्री रोज हजार देव बनवतात आणि खातात, आणि पुढे काय होतं ते तिने अगदी स्पष्ट सांगितलंय, मी इथे लिहीत नाही. आज मार्थमच्या चर्चमध्ये काय आहे? सात संस्कारांचं कुंड.

ॲन निकल्स या अभ्यासकबाईंनी १९९४ मध्ये या कुंडांवर मोठा ग्रंथ लिहिला. लोलार्डांना दगडातून दिलेलं उत्तर म्हणून या कुंडांकडे बघावं, हा मुद्दा त्यांचाच.

कुर्डई

हॉवीसताईंना साष्टांग दंडवत. सहाशे वर्षांपूर्वी रजिस्टर्ड लग्न सुचवणारी बाई.

घाटावरचा

गोष्ट सुंदर आहे आणि म्हणूनच मला संशय येतो.

लॉडन आणि मार्थम जुळतात. बाकी सदतीस-अडतीस गावांचं काय? तिथे सगळीकडे लोलार्ड होते? आणि पन्नास वर्षांत हॉवीसला ओळखणारं गावात कोण उरलं असेल? मला साधं कारण पुरेसं वाटतं, ते म्हणजे पैसा. नॉरफक तेव्हा लोकरीवर आणि वर्स्टेड कापडावर श्रीमंत झाला होता. श्रीमंतांना आपल्या आत्म्यासाठी लोकांनी प्रार्थना करावी असं वाटे, म्हणून ते चर्चला कुंडं, पडदे, खिडक्या देत आणि खाली नाव कोरून घेत. सात संस्कार हा तेव्हाचा चालता विषय. १२८१ मध्ये आर्चबिशप पेकमने पाद्र्यांना हुकूम दिला होता की वर्षातून चारदा लोकांना हे सगळं समजावून सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच दगडावर कोरलं, एवढंच.

शिवाय याच भागात याच काळातली कितीतरी अष्टकोनी कुंडं आहेत ज्यांच्यावर संस्कार नाहीत. खांबाभोवती सिंह आणि सोटा घेतलेली केसाळ रानमाणसं, वर देवदूत आणि चार शुभवर्तमानकारांची चिन्हं. त्या रानमाणसांनी कुणाला उत्तर दिलं?

खडूफळा

लोलार्ड प्रत्येक गावात असायला हवेत असं माझं म्हणणं नाही. खटले नॉर्विचच्या बिशपने चालवले आणि कुंडंही जवळजवळ सगळी त्याच बिशपच्या हद्दीत. लोकरीचा पैसा कॉट्सवोल्डमध्येही होता, पेकमचा हुकूम अख्ख्या प्रांताला होता. मग कुंडं इथेच का?

घाटावरचा

कारण कारागिरांच्या दोन-तीन टोळ्या इथे होत्या आणि शेजारच्या गावाने केलं की आपल्यालाही हवं. गणपतीच्या देखाव्यांचं गणित वेगळं असतं का?

जुनीवही

दोघांचंही थोडं थोडं खरं असू शकतं. मला घाटावरचा यांचं कारागिरांचं जास्त पटतं, पण मार्थम-लॉडनचं जुळणं नुसता योगायोग म्हणून सोडवत नाही.

केंटचे_कुलकर्णी

अवांतर: याच सात संस्कारांच्या बाजूने पुस्तक कुणी लिहिलं माहीत आहे का? आठव्या हेन्रीने! १५२१ मध्ये, लूथरच्या विरोधात, लॅटिनमध्ये. पोप दहावा लिओ खूश होऊन त्याला 'श्रद्धेचा रक्षक' असा किताब देऊन बसला. पुढे हेन्रीने पोपशीच काडीमोड घेतला, पण किताब सोडला नाही. आजही इथल्या नाण्यांवर राजाच्या नावापुढे 'एफ. डी.' असतं, ते तेच.

चहाबाज

आम्हाला इतके दिवस मुदत ठेव वाटत होती.

जुनीवही

@केंटचे_कुलकर्णी, त्याला धरूनच: वॉल्सोकेनचं सात संस्कारांचं कुंड १५४४ चं आहे, त्यावर तसं कोरलेलंय. म्हणजे पोपशी फारकत होऊन दहा वर्षं झाली, मठ बंद पडले, तरी गावातला माणूस आपल्या आणि बायकोच्या आत्म्याची आठवण ठेवा असं लिहून सात संस्कारांचं कुंड बसवतोय. तीन वर्षांनी हेन्री मेला आणि सगळंच उलटलं.

कुर्डई

या कुंडांना झाकणं असतात ना? एका चर्चमध्ये छताला टांगलेला लाकडी मनोराच पाहिला होता.

आजोबांची_काठी

झाकण सक्तीचं होतं, कुलपासकट. १२३६ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप एडमंड याने फर्मान काढलं की कुंडं कुलूपबंद ठेवा, कारण लोक ते पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरतात. पाणी रोज बदलत नसत. ईस्टरच्या आणि पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी मंत्रून भरायचं आणि ते पुढे टिकवायचं. दगड झिरपतो म्हणून आतून शिशाचा पत्रा. तळाला भोक, पाणी सरळ खाली जमिनीत जाईल असं, म्हणजे कुणाच्या हाती लागायला नको. पुष्कळ जुन्या कुंडांच्या काठावर कुलपाच्या लोखंडी कड्या उपटल्याच्या खुणा दिसतात. लॉडनला बघा आहेत का.

नुसतं फळीचं झाकण चाललं असतं, पण लोकांना हौस. सफकमध्ये उफर्डचं झाकण १८ फूट उंच, टोकाला स्वतःची छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजणारी पेलिकन. खालचा भाग वर सरकतो, दुर्बिणीसारखा. १६४४ मध्ये डाउसिंग तिथे गेला. पोपच्या तिहेरी मुकुटासारखं, सोन्याने मढवलेलं म्हणून रोजनिशीत वर्णन लिहिलं. आणि हात लावला नाही! पोपच्या मुकुटासारखं दिसतंय हे लिहूनसुद्धा. माणूस होता शेवटी.

नॉरफकमध्ये ट्रंचला तर कुंडावर अख्खा लाकडी मंडप आहे. त्याच्या नक्षीत बिशपची टोपी घातलेलं डुक्कर शोधा.

पापडीकर

डुक्कर बघायला नक्की जाणार. आमच्या फादरना फोटो पाठवतो. नको, राहू दे.

पुणे_ते_लीड्स

इंग्लंडमधल्या मराठी पालकांसाठी या कुंडांचा व्यावहारिक उपयोग कुणीच सांगितला नाही. चर्चच्या शाळेत प्रवेश! काही शाळांत चर्चला नियमित जाणाऱ्यांना प्राधान्य असतं. आमच्या ओळखीतले एक जण रोज संध्याकाळी अथर्वशीर्ष म्हणतात आणि रविवारी सकाळी चर्चच्या पहिल्या बाकावर असतात. मुलीला ॲडमिशन मिळालं. बाप्तिस्मा दिला का, हे विचारायची आमची हिंमत नाही.

मांडवी

चर्चचं पाणी आणि मराठी माणूस म्हटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजच्या चर्चमध्ये त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. वाँटेज तेव्हा बर्कशरमध्ये, आता ऑक्सफर्डशरमध्ये. इकडे महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! आणि गंमत म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बाईंनी चर्चचंही सगळं मुकाट्याने मानलं नाही. सिस्टर जेरल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. त्रैक्यापासून ते चर्चच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद. मला पटल्याशिवाय मी मानणार नाही, हाच सूर.

हॉवीस मूनबद्दल वाचताना मला त्याच आठवत होत्या.

नदीकाठची

मांडवी, हे फार आवडलं. वाँटेजला जाऊन यायला हवं.

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. पण घाटावरचा यांचा प्रश्न तसाच राहिलाय, बाप्तिस्म्याची चौकट का तासली? आणि माझा दुसराही.

जुनीवही

घाटावरचा यांच्यासाठी: पाच संस्कार नको होते ही एक तक्रार आणि चर्चमध्ये कोरीव माणसंच नकोत ही दुसरी. दुसरी तक्रार असणाऱ्याला चौकटीत कुठला संस्कार आहे याच्याशी देणंघेणं नाही. लॉडनला आठही गेल्या, त्यावरून मला तरी वाटतं की छिन्नी चालवणारा (किंवा चालवून घेणारा) दुसऱ्या प्रकारचा होता. काही ठिकाणी नुसते चेहरे उडवलेत. ती वेगळी, घाईची पद्धत. आणि काही ठिकाणी गावकऱ्यांनी चौकटींवर गिलावा थापून सगळं झाकून टाकलं. कायदाही पाळला आणि नक्षीही राहिली. गिलावा कधीतरी काढला तेव्हा आतलं मिळालं.

कुंड का राहिलं याला खडूफळांच्या उत्तरात एक भर. कट्टर प्युरिटनांना (चर्चमधले सगळे जुने कॅथलिक अवशेष काढायला निघालेल्या प्रोटेस्टंटांना) कुंडही नको होतं, ते साध्या भांड्यातून बाप्तिस्मा देत. १५६१ मध्ये एलिझाबेथच्या हुकुमाने कुंडं हलवायला बंदी आली. १६४४-४५ च्या सुमारास संसदेने नव्या उपासनापद्धतीत कुंडाची जुनी जागाच रद्द केली, तेव्हा मात्र बरीच कुंडं बाहेर गेली. कुणाच्या बागेत, कुणाच्या गोठ्यात, गुरांना पाणी पाजायला. १६६० मध्ये राजा परतल्यावर काही परत आणली, काही नवी केली. स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या काळातल्या कुंडाचा फुटका कटोरा आज त्याच्या थडग्याजवळ ठेवलाय. तासलेलं कुंड म्हणूनच वाचलं असेल का, याचा विचार करा. चित्रं गेल्यावर त्यात आक्षेप घेण्यासारखं उरलं काय? साधं दगडी भांडं.

घाटावरचा

हे पटलं. गावातल्या कुणीतरी कुंड वाचवायला म्हणून तासलं असण्याचीही शक्यता मग येते. पुरावा नाही, पण शक्यता.

अर्धवट

आता थ्रीडी स्कॅन करून स्लोलीवरून लॉडनचं नवीन बनवता येईल की. त्यात काय अवघड आहे?

केंटचे_कुलकर्णी

मी स्थापत्यातला, जुन्या इमारतींचं काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझं.

व्हिक्टोरियन काळात हे असं सर्रास झालं. आर्किटेक्ट यायचा, जुनं खरवडायचा, 'मूळ असं असावं' म्हणून नवं कोरायचा. त्याला वैतागून विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं टोपणनावच 'खरवडविरोधी'. तिचं तत्त्व असं की इमारतीवर काळाने जे जे केलं ते सगळं तिचा इतिहास, ते पुसून मध्येच एक तारीख निवडू नका. आता चर्चमध्ये कुंड नुसतं हलवायचं तरी डायोसीसच्या (बिशपच्या हद्दीच्या) न्यायाधिकाऱ्याची रीतसर परवानगी लागते. पुन्हा कोरायची परवानगी कोण देईल?

आणि @अर्धवट, स्लोलीचं स्कॅन करून लॉडनला लावलं तर ते लॉडनचं होत नाही. लॉडनच्या आठव्या चौकटीत काय होतं ते कुठून आणणार? शिवाय तासणं हेही त्या गावानेच केलेलं काम आहे. हॉवीस मूनच्या गावाने.

खडूफळा

कुलकर्णी, तुमच्या शेवटच्या वाक्यात तुम्ही माझीच बाजू घेतलीत. घाटावरचा, वाचताय ना?

घाटावरचा

वाचतोय. मान्य नाही.

मांडवी

तासलेलं तसंच ठेवावं हे मला पटतं, पण नियम सगळीकडे लावायला नको. त्याच लॉडनच्या चर्चमधल्या लाकडी पडद्यावर नॉर्विचच्या विल्यमचं चित्र आहे ना? ११४४ मध्ये एक मुलगा मेला आणि ज्यूंनी त्याला क्रुसावर मारलं अशी अफवा उठली. त्याचं चित्र. त्या खोट्यापायी पुढे किती ज्यू मारले गेले! कुंडावरचे निरुपद्रवी संस्कार गेले आणि हे राहिलं.

नदीकाठची

हो, आहे. पडद्याच्या खालच्या फळ्यांवर. तेही इतिहास म्हणून ठेवायलाच हवं, असं मला वाटतं, पण शेजारी नीट माहितीचा फलक हवा. कुलकर्णी काय म्हणतात?

केंटचे_कुलकर्णी

फलक हवाच. पुसायचं मात्र नाही. त्यावर वेगळं लिहितो, जरा वेळ द्या.

चहाबाज

फोटो???

नदीकाठची

पुढच्या आठवड्यात स्लोली आणि ट्रंच एकत्र करतेय, तेव्हा टाकते. चर्च दिवसा उघडी असतात का ट्रंचला? कुणी अलीकडे गेलंय का?

आजोबांची_काठी

मी गेलो तेव्हा उघडं होतं. आत अंधार असतो, टॉर्च न्या, नाहीतर डुक्कर सापडायचं नाही.